यंत्राची गावपळण

कुसवडं हे गाव दर चार वर्षांनी पळून जातं.

कुणी मागं लागलेलं नसतं. देवाचा कौल झाला की तीन दिवसांसाठी माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, एवढंच काय, खोतांच्या पिंजऱ्यातला पोपटसुद्धा शिवेबाहेर. घरांना कड्या लागतात, चुली विझतात, गावात एक दिवा म्हणून राहत नाही. गाव गांगेश्वराचं आणि आपण त्यातले भाडेकरू, तेव्हा मालकाला अधूनमधून घर मोकळं करून द्यावं, असा साधा विचार. शिवेपलीकडच्या माळावर झावळांच्या खोपी उभ्या राहतात. एका चुलीवर तीन घरांची आमटी शिजते आणि वर्षभर एकमेकांचं तोंड न बघणारे शेजारी एकाच मांडवात घोरतात. ही रीत किती जुनी ते कुणालाच ठाऊक नाही. जग कोळशाला आणि तेलाला रामराम ठोकत होतं, त्या दिवसांतही ती चालूच होती.

या खेपेला मात्र गावात एकजण मागं राहिला होता. तो होता कान.

कान हे गावानं ठेवलेलं नाव. खरं तर ती केसाएवढी काचेची तार होती, पाणंदीच्या कडेनं, परसांतून, आणि कातळी सड्यावर एका कंपनीनं खणलेल्या चाचणीच्या विहिरीत खोलवर पुरलेली. एका टोकाकडून तिच्यात लेझरचा प्रकाश सोडायचा. तारेतून जाताना त्यातला थोडा प्रकाश जागोजागी मागं फिरतो. जमीन जराशी थरथरली की तार ताणली जाते आणि परतणारा प्रकाश बदलतो. कुठं बदलला हे संगणक सांगतो. कुणाच्या अंगणात म्हैस उठली, कुणाचा पंप सुरू झाला, सगळं त्या तारेला कळायचं. पहिल्या महिन्यात बायकांनी परसात उभं राहून गजाली मारायचं बंद केलं होतं. त्यांना वाटलं, ही तार कंपनीच्या पुण्यातल्या कचेरीपर्यंत चहाड्या करते.

तारेची राखण होती हेमांगीकडे. हेमांगी घाडी, गावचीच लेक, भिवा घाड्याची थोरली. भूगर्भशास्त्र शिकून ती याच कंपनीत लागली आणि नशिबानं म्हणा की दुर्दैवानं, पहिलंच मोठं काम आपल्याच गावात निघालं. सड्याखाली खोलवर हिरवट काळा खडक सापडला होता, लोहानं ठासून भरलेला. अशा खडकापर्यंत पाणी पोचलं की लोह पाण्यातला ऑक्सिजन ओढून घेतं. खडक गंजतो आणि हायड्रोजन सुटा होतो. पोलादाच्या भट्ट्या, खतांचे कारखाने, जहाजं, सगळ्यांना आता हायड्रोजन हवा होता. कारखान्यात तो बनवायचा तर ढीगभर वीज लागते. इथं खडक तो फुकटात बनवत बसला होता.

नवा कायदाही चांगला होता. जमिनीखाली काहीही सापडो, वरच्या गावाची संमती हवी, आणि उत्पन्नात गावाचा कायमचा वाटा. गावाचा एकच प्रश्न होता, पाण्याचं काय? कुसवड्यात 'देवाची बाव' नावाची एकच विहीर मे महिन्यातही आटत नाही, आणि सगळं गाव तिच्यावर जगतं. गेल्या साली हेमांगीनं भर सभेत छातीठोकपणे सांगितलं होतं की बावीचं पाणी वरच्या जांभ्यात आहे, वायू खाली आहे, आणि मध्ये अखंड कातळ आहे. तिच्या शब्दावर तिच्या वडिलांनी गावाच्या वतीनं देवाला गाऱ्हाणं घातलं, कौल उजवा झाला, गाव 'हो' म्हणालं. आता गावपळण आटोपून गाव परतलं की करारावर सह्या व्हायच्या होत्या.

प्रकल्पप्रमुख मिहीर दाणी गावपळणीवर भलताच खूश होता. "जगात कुठं मिळेल अशी शांतता? अख्खं गाव तीन दिवस चिडीचूप! कान आता खडकाच्या पोटातलं ऐकेल." चाचणीची विहीर तेवढी चालूच ठेवायची होती. ती दुरून चालत होती, तिथं माणूस लागत नव्हता. हेमांगीनं वडिलांना विचारलं तेव्हा ते हसून म्हणाले होते, "चालू दे गो. यंत्राक पाय नाय, ता खय पळतला?"

*

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं उरकून माळ पेंगुळला होता. हेमांगी खोपीत लॅपटॉप उघडून बसली आणि कानाशी कान लावला.

गाव खरंच गप्प होतं. एरवी पंपांची घरघर, मोटारसायकली, पाटे, जाती, सगळ्याचा एक जाड थर असायचा. तो थर आज नव्हता. त्याच्या खालून बारीक, न थांबणारी सळसळ येत होती. तिला आधी वाटलं, तारेचाच दोष असेल. तिनं तार तपासली. मग वारा वजा केला, समुद्र वजा केला. सळसळ तिथंच. जागा शोधली, तर ती देवाच्या बावीच्या बुडापासून निघून तिरकी सड्याखाली चाचणीच्या विहिरीकडं जात होती. अखंड कातळातून.

बावीत पाण्याची पातळी सांगणारं एक छोटं यंत्र होतं. तिनं त्याचा आलेख उघडला. गाव बाहेर होतं, पंप बंद होते, कुणी कळशी बुडवलेली नव्हती. म्हणजे पातळी चढायला हवी होती. ती हळूहळू, सरळ रेषेत उतरत होती.

कातळाला भेग होती. चाचणीची विहीर वायू ओढत होती तशी त्या भेगेतून बावीचं पाणी खाली जात होतं, गंजत्या खडकाच्या तोंडी पडत होतं आणि त्याचाच वायू होत होता. एक किलो हायड्रोजनमागं नऊ किलो पाणी. हे प्रमाण ती शाळेतल्या मुलांना चित्र काढून समजावत असे. ते पाणी कुणाचं, हा प्रश्न त्या चित्रात नव्हता. गावाच्या गोंगाटात ही सळसळ कधी ऐकूच आली नव्हती, त्यामुळं ती खोटं बोलली नव्हती. पण तिनं सांगितलेलं खोटं ठरलं होतं, आणि या दोहोंतला फरक तहानेला कळत नाही.

ती खोपीबाहेर आली, आत गेली, पुन्हा बाहेर आली. शेजारच्या खोपीतल्या सुमतीकाकीनं विचारलं, "काय गो, इंचू चावलो काय?" हेमांगीनं मान हलवली आणि मिहीरला फोन लावला.

*

मिहीर तासाभरात गाडी घेऊन माळावर आला. त्यानं आलेख पाहिले, पुन्हा पाहिले आणि एका दगडावर बसला. माणूस वाईट नव्हता. त्याचाही चेहरा उतरला.

"या मे महिन्यात बावीचा तळ दिसेल," हेमांगी म्हणाली. "पूर्ण प्रकल्प सुरू झाला तर त्याच्याही आधी."

"मग टँकर देऊ. बंधारे बांधू. करारात नंतर कलम घालू."

"आत्ताच घालू या."

"आत्ता काढलंस तर सही होणार नाही. सही झाली नाही तर वरचे लोक पैसा दुसरीकडं नेतील. आणि कुठं नेतील माहितेय? जिथं गावाला विचारायचा कायदाच नाही अशा एखाद्या देशात. तिथं विहिरी नाहीत का, हेमांगी? निदान इथं वाटा तरी मिळतोय."

ते खरंच होतं, आणि म्हणूनच तिला त्याचा राग आला.

"मी तुला खोटं बोल म्हणत नाही," मिहीर हळू आवाजात म्हणाला. "विचारलं तर सांग, अभ्यास चालू आहे. वर्षाच्या अहवालात येईल सगळं. आणि हे आकडे कंपनीचे आहेत, हे विसरू नकोस."

तो गाडीकडं गेला. तिच्या पाठीमागं तिचा धाकटा भाऊ साहिल केव्हाचा उभा होता, हे तिला आत्ता दिसलं.

साहिलनं सात-आठ वर्षं गोव्यातल्या हॉटेलांत परक्यांच्या चादरी बदलल्या होत्या. चाचणीच्या विहिरीची झडप चालवायला कंपनीनं त्याला शिकवलं आणि तो बायकोला घेऊन घरी परतला. सिद्धीला सातवा महिना होता. झडप चालवायचं टॅबलेट तो लेकराला जपावं तसं जपायचा, आत्ताही ते त्याच्या काखेत होतं. सही झाली की नोकरी कायम होणार होती.

"ऐकलंय मी सगळा," तो म्हणाला. "तू कोणाक काय सांगूचा नाय."

"साहिल, बाव सुकतली."

"बाव सुकात तेवा बघू! माणसा सुकान गेली गावातली, ता तुका दिसना नाय? माझ्या वर्गातलो एक तरी हय आसा? सगळे मुंबयक, गोव्याक. मी एकटो परत इलंय. तुझा काय, तू पुण्याक जातलंस. आमी खय जावचा?"

"मी सांगलंय म्हणान गाव व्हय म्हणाला."

"मगे आता गप रव, म्हणजे गाव जगात." त्यानं टॅबलेट काखेत घट्ट धरलं. "ताय, इतक्या वर्सांनी मी घरात झोपतंय गो."

तो पाय आपटत निघून गेला. त्या दिवशी फुगड्या झाल्या, भजन झालं, कोलंबीचं कालवण झालं. हेमांगीनं कशालाच हात लावला नाही.

*

तिसऱ्या दिवशी सकाळी शिवेवरच्या पाषाणापाशी झाडलोट सुरू होती. गावात परतायच्या आधी तिथं गाऱ्हाणं व्हायचं आणि कौल लागायचा. यंदा परतीच्या जोडीला कराराचीही गोष्ट देवाच्या कानावर घालायची होती. गाऱ्हाणं घालणार घाडी, म्हणजे हेमांगीचे वडील. अंगात धुवट सदरा, कमरेला नवा पंचा. ते फणसाच्या सावलीत बसून पुटपुटत उजळणी करत होते.

गाऱ्हाण्याची एक रीत आहे. देवाला सगळं ठाऊक असतं हे सगळ्यांना मान्य. तरीसुद्धा प्रश्न विचारण्याआधी माणसानं तो पुरता मांडायचा असतो, मोठ्यानं, साऱ्या गावाच्या देखत. काय मिळणार, काय जाणार, कुणाचं भलं, कुणाचं नुकसान. अर्धं सांगून घेतलेला कौल गावाला बांधत नाही. बापानं पोराला घाडीपण शिकवताना पहिली शिकवण हीच द्यायची असते. भिवा घाड्यांनी ती साहिलला दिली होती, आणि तिथं बसून हेमांगीनंही ती ऐकली होती.

"बरा झाला इलंस ती," वडील म्हणाले. "पाण्याचा काय बोलू? गेल्या खेपेक बोललंय तसाच बोलू मा? मधी अखंड कातळ आसा, पाणी येगळा, वायू येगळो?"

'अभ्यास चालू आहे' हे वाक्य हेमांगीनं तोंडात घोळवून पाहिलं. देवापुढं म्हणायला ते किती हलकं होतं! अभ्यास चालू आहे म्हाराजा. व्हय म्हाराजा.

"आबा, ता बोला नको."

"कित्याक?"

तिनं सांगितलं. सळसळ, भेग, उतरणारी रेषा, मिहीर काय म्हणाला ते, साहिल काय म्हणाला तेही. वडील ऐकत राहिले. त्यांचा चेहरा हळूहळू म्हातारा झाला.

"म्हणजे गेल्या खेपेक तुझी गजाल माझ्या तोंडातसून देवाकडे गेली," ते शेवटी म्हणाले. "आणि ती खोटी होती."

"माका ठावक नव्हता, आबा."

"माका तरी खय होता? मी पण इचारूक नाय, तुका ठावक आसा ता कशावरसून. माझा चेडू म्हणान इश्वास ठेवलंय." ते उठले, पंचा झटकला. "आता माझ्या तोंडान नाय. तुझ्या तोंडान जाऊंदे. सांगूचा की नाय ता तुझा तू ठरव."

*

गाव जमलं. पुढं मानकरी, मागं बायका, कडेला मिहीर, त्याच्याशेजारी साहिल. पाषाणावर डाव्या-उजव्या अंगाला ओल्या कळ्या चिकटवल्या होत्या; उजवी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. भिवा घाड्यांनी हात जोडून आवाज चढवला.

"बा देवा गांगेश्वरा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गाव गरजलं.

"आज तुझ्या बारा-पाचाच्या वतीन ल्हान-थोर तुझ्या पायाकडे गोळा झालेले आसत म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"त्यांची गजाल माझी लेक सांगतली म्हाराजा!"

या वेळी 'व्हय' अडखळलं. कुसवड्यात बाईनं गाऱ्हाणं घातल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. एक मानकरी पुढं सरसावला, पण घाडी बाजूला झाले होते आणि हेमांगी पाषाणापुढं उभी होती. एका बाजूला साहिलचे डोळे होते, त्यांच्याकडं तिनं मुद्दामच पाहिलं. न पाहता बोलणं तिला पळपुटेपणाचं वाटलं.

"बा देवा म्हाराजा, गेल्या साली मी सांगलंय, मधी अखंड कातळ आसा. ता चुकीचा होता. कातळाक भेग आसा. तीन दिस गावात कोण नाय, कोणी एक कळशी भरूक नाय, तरी तुझी बाव खाली जाता. त्या पाण्याचोच वायू होता. गावाक वाटो मेळतलो ता खरा, पोरांका कामा मेळतली ती पण खरी. माझो भाव परत इलो, तो पण त्याच कामासाठी इलो. हो वायू जगाक व्हयो आसा, ता पण खोटा नाय. पण बाव जातली. ह्या सगळा एकदम सांगूचा होता म्हाराजा."

ती थांबली. 'व्हय म्हाराजा' आलं नाही. कुणी खोकलं, एक रेडकू हंबरलं.

मग एकदम गलका उठला. कुणी मिहीरला शिव्या दिल्या, कुणी हेमांगीला. "दोन दिस गप बसूक काय झाला होता!" असंही एकजण ओरडला, त्याचे दोन मुलगे कंपनीत लागायचे होते. गॅस नकोच, असं म्हणणारे निघाले. पाणी गेलं तरी चालेल, असं म्हणणारेही निघाले. हातघाईवर यायची वेळ आली तेव्हा सुमतीकाकीनं कमरेवर हात ठेवून सगळ्यांच्या वरताण आवाज काढला.

"अरे, आमी गुरापोरांका घेवन भायर पडलाव. तीन दिस बावीक हात लावूक नाय. मगे ता मशीन कित्याक ढोसता? ता काय देवाचो जावय लागता? गाव पळता तर मशीनान पण पळूक व्हया!"

लोक हसले. हेमांगी हसली नाही. तिच्या डोक्यात आकडे धावायला लागले. भेग अरुंद होती. ओढ थांबली तर बाव पुन्हा भरेल, कारण वरच्या जांभ्यात पाणी होतं. बावीच्या दगडावर एक खूण ठरवायची, पाणी तिच्याखाली गेलं की झडप आपोआप बंद. आणि वर्षातून काही दिवस सगळंच बंद, म्हणजे कानाला पुन्हा ऐकता येईल. तिनं ते तिथंच सांगितलं.

"अर्ध्याहून कमी वायू निघेल," मिहीर म्हणाला. "वरचे लोक मानणार नाहीत."

"तुमचे वरचे येगळे, आमचो वरचो येगळो," भिवा घाडी म्हणाले. "आमच्या वरच्याक आदी इचारतंय." त्यांनी हात जोडले. "यंत्र चालू ठेवन गावात जावचा काय म्हाराजा?"

सगळे श्वास रोखून बघत राहिले. हेमांगीच्या शास्त्राप्रमाणं जी कळी आधी सुकते ती आधी पडते, बाकी काही नाही. तरी तिनंही श्वास रोखला. डावी कळी पडली. कौल नाही.

म्हणजे गाव परतणार नव्हतं. यंत्र थांबेपर्यंत माळावरच. म्हातारी माणसं, गरोदर सिद्धी, गुरं, सगळी.

मिहीर साहिलकडं वळला. "झडप बंद कर."

"कुणाक इचारून?" साहिलनं विचारलं. टॅबलेट त्यानं छातीशी धरलं होतं.

"मला विचारून. वर मी बघतो."

साहिलनं बहिणीकडं एकदा पाहिलं. त्या नजरेत माफी नव्हती. मग त्यानं बोट टेकवलं आणि दाबून धरलं. हेमांगीनं खोपीतला लॅपटॉप आणून उघडला. सळसळ पातळ होत गेली आणि थांबली. गाव खऱ्या अर्थानं रिकामं झालं.

*

दुसऱ्या दिवशी कौल उजवा झाला आणि गाव घरी निघालं. मिहीर आदल्या संध्याकाळीच मुंबईला गेला होता, 'यंत्राची गावपळण' वरच्यांच्या गळी उतरवायला. उतरेल याची त्याला खात्री नव्हती, पण कराराचा कागद त्यानं फाडलेला नव्हता. सह्या थांबल्या होत्या.

शीव ओलांडताना हेमांगीनं लॅपटॉप उघडला. पडदा कोरा आला. कंपनीनं तिचा प्रवेश काढून घेतला होता. कान होता तिथंच, पुरलेला, आणि कदाचित ऐकतही होता, पण आता तिच्याशी बोलत नव्हता. बाव वर आली की नाही, हे तिला कळायला मार्ग नव्हता. सगळ्या गावापुढं आपण सांगून बसलो, आणि पाणी चढलंच नसेल तर? तिची पावलं भराभर पडायला लागली, मग ती पळायलाच लागली.

साहिल तिच्या आधी बावीवर पोचला होता. त्यानं कळशी दोराला बांधून आत सोडली. त्या दोराला एक जुनी गाठ आहे. चैत्रात पाणी नेहमीच्या जागी असलं की कळशी टेकते तेव्हा गाठ बरोबर काठावर येते. दोर सरसरत गेला. गाठ काठापासून चांगली हातभर अलीकडं असतानाच खालून कळशीचा आवाज आला. नेहमीपेक्षाही वर.

साहिलनं भरली कळशी ओढून काठावर ठेवली. त्याच्या शर्टाच्या खिशात फोन होता आणि फोनमध्ये सकाळीच आलेला कंपनीचा निरोप होता.

"बाव वर इली, ताय," तो तिच्याकडं न बघता म्हणाला. "माझी नोकरी गेली."

"माझी पण."

साहिलनं कळशी तिरकी केली. तिनं ओंजळ पुढं धरली, आणि तो पाणी ओतत राहिला.